दगड झालेली इन्स्टंट कॉफी: वाचवावी केव्हा, टाकावी केव्हा

चेन्नईत ऑक्टोबरच्या उत्तरार्धात ईशान्य मोसमी पाऊस सुरू झाला की स्वयंपाकघरातील मीठ पाझरू लागते, पापड मऊ पडतात आणि फडताळातील इन्स्टंट कॉफीची बाटली उलटी केली तरी तीतून काहीही खाली पडत नाही. या शहराच्या वार्षिक पावसापैकी निम्म्याहून अधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत होतो आणि त्या काळात सकाळची सापेक्ष आर्द्रता बहुधा ८० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून वर असते. तेथील घरांत रोजची कॉफी धातूच्या फिल्टरमधून उतरते. तंजावरच्या मराठी परंपरेतील कुटुंबेही याला अपवाद नाहीत. इन्स्टंट कॉफी असते ती अचानक आलेल्या पाहुण्यासाठी किंवा फिल्टरचा अर्क संपलेल्या सायंकाळसाठी. त्यामुळे बाटली उघडली जाते, चार-सहा वेळा वापरली जाते आणि पुढे कित्येक महिने तशीच पडून राहते. पावडर कडक होण्यास याहून अनुकूल परिस्थिती शोधून सापडणार नाही.

या किरकोळ वाटणाऱ्या विषयाकडे विस्तार कार्यकर्त्यांनी लक्ष देण्याची दोन कारणे आहेत. चेन्नईत जे नोव्हेंबरात घडते तेच कोकणात जून ते सप्टेंबर या काळात कोकम, जांभूळ, कैरी यांच्या पावडरींना आणि घाटावर गूळ पावडरीला घडते. महिला बचत गटांचा माल अशा वेळी दुकानातून परत येतो. दुसरे कारण आरोग्याचे आहे. कडक झालेली प्रत्येक कॉफी खराब नसते; मात्र त्यांतील काही खरोखरच विषारी असू शकते. दोहोंतील फरक ओळखता आला नाही तर चांगला माल फेकला जातो किंवा वाईट माल पोटात जातो.

चिक्की आणि कॉफी

इन्स्टंट कॉफी म्हणजे भाजलेल्या कॉफीचा पाण्यात उतरवलेला अर्क पुन्हा सुकवून केलेली पावडर. सुकवण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. एकीत अर्काचा बारीक फवारा तप्त हवेच्या झोतात सोडतात. दुसरीत अर्क गोठवून निर्वातात त्यातील बर्फाची थेट वाफ करतात. तमिळनाडूत थेनी येथे असा मोठा कारखाना आहे. सुकवणे इतक्या वेगाने होते की अर्कातील कर्बोदकांना साखरेसारखे स्फटिक बनवण्यास अवसर मिळत नाही. ती काचेसारख्या अस्फटिक अवस्थेत घट्ट होतात. कण कोरडा असेपर्यंत ही काच टणक राहते आणि कण एकमेकांवरून सुटे घरंगळतात.

ही अवस्था महाराष्ट्रातील वाचकाला परिचित आहे. लोणावळ्याची चिक्की कोरड्या दिवसांत कडकन मोडते आणि पावसाळ्यात उघडी राहिली की मऊ व चिकट होते. चिक्कीत गुळाची वा साखरेची काच असते. पाण्याचे रेणू तीत शिरले की ती सैल पडते. कॉफीच्या कणाचेही तेच होते. हवेतील बाष्प शोषून कणाचा पृष्ठभाग प्रथम चिकट होतो, शेजारचे दोन कण जेथे टेकतात तेथे चिकट पूल तयार होतो आणि असे असंख्य पूल जोडले जाऊन सगळ्या पावडरीची एक ढेप बनते. पुढे कोरडी हवा मिळून थोडा ओलावा उडाला तर हे पूल तसेच टणक होतात. दगड होतो तो या टप्प्यावर.

कारखान्यात हीच क्रिया मुद्दाम घडवली जाते, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही. बारीक पावडरीवर वाफ सोडून कण थोडे चिकटवतात आणि लगेच सुकवतात. बाजारात मिळणारी दाणेदार कॉफी अशी तयार होते. बाटलीत कडक झालेली कॉफी ही त्याच क्रियेची बेताल, कोणी न थांबवलेली आवृत्ती होय.

इन्स्टंट कॉफीतील ओलावा भारतीय मानकांनुसार ४ टक्क्यांहून अधिक असू नये. तो साधारण ७ ते ८ टक्क्यांवर पोहोचला की ढेप धरते. चिकोरी मिसळलेली कॉफी अधिक लवकर कडक होते, कारण चिकोरीच्या मुळातील इन्युलिन भाजताना अंशतः फुटून फळशर्करा सुटते व ती ओलावा फार ओढते. चिकोरी-मिश्रित कॉफीत कॉफीचा वाटा किमान ५१ टक्के असावा लागतो. म्हणजे स्वस्त बाटलीतील जवळजवळ निम्मी पावडर चिकोरीची असू शकते. वेष्टनावर हे प्रमाण छापलेले असते. दमट प्रदेशातील ग्राहकाने ते वाचूनच खरेदी करावी.

कडक होणे आणि बुरशी येणे यांमधील पट्टा

कोणत्याही पदार्थातील ओलावा अखेरीस भोवतालच्या हवेशी जुळवून घेतो. साधारण ४० ते ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेत पुरेसा काळ राहिलेली इन्स्टंट कॉफी ढेप धरते. बुरशीला मात्र याहून बरेच अधिक पाणी लागते. कोरड्या पदार्थांवर वाढणाऱ्या काटक बुरशीही ६० टक्क्यांच्या खाली वाढू शकत नाहीत आणि सामान्य साठवणुकीतील बहुतेक बुरशींना ७० टक्क्यांपुढील आर्द्रता हवी असते. या दोन मर्यादांमध्ये एक पट्टा आहे. त्या पट्ट्यातील कॉफी कडक झालेली असते, पण सडलेली नसते. ठणठणीत कोरडी, तुटताना काचेसारखी खणखणणारी ढेप या पट्ट्यातील आहे आणि ती निःशंकपणे वापरता येते. तिच्यातील कॅफीन कोठेही गेलेले नसते. सुवास मात्र कमी होतो, कारण काच सैल पडताना तीत अडकलेले सुगंधी घटक निसटतात. तो परत आणण्याचा उपाय नाही.

चेन्नईची अडचण अशी की झाकण नीट न लागलेली बाटली या पट्ट्यात फार काळ थांबत नाही. बाहेरची हवा ८० टक्क्यांची असेल तर आतील पावडर हळूहळू तिकडेच निघालेली असते. ढेपीचा पृष्ठभाग चकचकीत, डांबरासारखा व बोटाला चिकटणारा झाला की पट्टा ओलांडला गेला असे समजावे.

येथे एक बारीक किडा उपयोगी साक्षीदार ठरतो. जुन्या पुस्तकांत धावणारे, टाचणीच्या टोकाएवढे, पांढुरके, पंखहीन किडे अनेकांनी पाहिले असतील. हे सोसिड वर्गातील कीटक असून इंग्रजीत त्यांना बुकलाईस म्हणतात. उवांसारखे ते चावत मात्र नाहीत. त्यांची एक सर्वत्र आढळणारी जात केवळ माद्यांची असते आणि नराविनाच वाढते. हे कीटक सूक्ष्म बुरशीवर जगतात आणि शरीराला लागणारे पाणी हवेतून शोषतात. आर्द्रता साधारण ६० टक्क्यांखाली राहिली तर ते सुकून मरतात. फडताळावर ते दिसले तर विशेष नाही, चेन्नईच्या कोणत्याही दमट कपाटात ते असतात. बाटलीच्या आत, झाकणाच्या आट्यांत किंवा पावडरीवर ते धावताना दिसले तर मात्र आतील हवा बुरशीयोग्य झाली आहे याचा तो पुरावा आहे. आर्द्रतामापक नसलेल्या घरात याहून भरवशाची खूण नाही.

खऱ्या साठवण-किडींचा उपद्रव कोरड्या इन्स्टंट कॉफीला सहसा होत नाही. कॉफी-बीवरील भुंगेरा कच्च्या बियांना, वाळलेल्या आल्याला व जायफळाला लागतो. चिखलदऱ्याच्या परिसरात थोड्याफार प्रमाणात कॉफीच्या बिया साठवणाऱ्यांनी त्याच्यावर नजर ठेवावी. सिगारेट बीटल हळद, मिरची, धणे पोखरतो आणि पातळ प्लास्टिकही कुरतडतो. कॉफीची बाटली व हळदीचा जुना डबा एकत्र ठेवू नयेत, एवढे पुरे. कीड दिसली म्हणून धान्यात ठेवण्याच्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या स्वयंपाकघरात आणणे हा जिवावरचा खेळ आहे. तो कोणत्याही कारणाने होऊ नये.

कोणती कॉफी टाकावी

पांढरी, हिरवट वा काळी लव दिसत असेल, कुबट वास येत असेल, सोसिड आत असतील किंवा पावडरीचा पाक झाला असेल तर सगळी बाटली टाकावी. वरचा थर खरवडून खालची कॉफी वापरण्याची सवय अनेक घरांत आहे. ती मोडण्यासाठी कार्यकर्त्यांनी विशेष प्रयत्न करावेत. कॉफीवर वाढणाऱ्या ॲस्परजिलस गटातील काही बुरशी ऑक्राटॉक्सिन-ए हे विष निर्माण करतात. ते मूत्रपिंडास घातक असून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याची नोंद माणसात कर्करोगास कारण ठरण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत केली आहे. उकळत्या पाण्याने बुरशी मरते, हे विष टिकून राहते.

पुराचे पाणी लागलेली बाटली वेगळ्या कारणासाठी टाकावी लागते. डिसेंबर २०१५ मधील महापूर आणि डिसेंबर २०२३ मधील मिचाँग चक्रीवादळ या दोन्ही वेळी चेन्नईतील असंख्य घरांत पाणी शिरले. अशा पाण्यात मैला मिसळलेला असतो. आट्यांच्या झाकणाची बाटली बाहेरून कितीही धुतली तरी झाकण व काच यांच्या फटीतील घाण निघत नाही आणि उघडताना ती आत पडते. आतील पावडर कोरडी व मोकळी दिसत असली तरी तिचा मोह धरू नये. सांगली-कोल्हापूरच्या पूरग्रस्त गावांत काम करणाऱ्यांनी लोणची, मुरांबे व मसाले यांच्या आट्यांच्या बरण्यांनाही हाच नियम लावावा.

दूध पावडर व साखर मिसळलेले तयार मिश्रण कडक झाले तर ते वाचवण्याच्या फंदात पडू नये. दुधातील लॅक्टोज ओलाव्याने स्फटिक बनते आणि बनताना पाणी सोडते, ते पाणी पुढील बिघाड वाढवते. शिवाय स्निग्धांश खवट होतो.

वाचवण्याची रीत

सर्वांत सोपा व खात्रीचा मार्ग म्हणजे ढेप फोडण्याऐवजी विरघळवणे. शेवटी ही पावडर पाण्यात विरघळण्यासाठीच केलेली असते. बाटलीवरील मूळ वजन व वापरलेला भाग यांवरून उरलेली कॉफी अंदाजावी. समजा ५० ग्रॅम उरली आहे. बाटलीत प्रथम कोमट आणि नंतर गरम पाणी थोडेथोडे घालावे. थंड काचेवर एकदम उकळते पाणी ओतल्यास ती तडकते. विरघळलेला द्रव स्वच्छ भांड्यात काढून एकूण २५० मिलिलिटर होईल एवढे पाणी मिसळावे. या अर्काच्या १० मिलिलिटरमध्ये, म्हणजे दोन लहान चमच्यांत, २ ग्रॅम कॉफी असते आणि तेवढी एका कपास पुरते. अर्क उकळून निर्जंतुक केलेल्या बाटलीत, फ्रीजमध्ये ठेवून तीन दिवसांत संपवावा. पंचवीस कप इतक्यात संपणार नसतील तर बर्फाच्या साच्यात गोठवावा आणि एकेक खडा दुधात टाकावा. सुवास कमी झालेला असल्याने थंड कॉफी, आइस्क्रीम किंवा केक यांसाठी असा अर्क अधिक योग्य.

पावडर म्हणूनच हवी असेल तर ढेप काढून जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालावी, हवा दाबून काढावी व लाटण्याने ठोकावी. लहान खडे झाले की ते कोरड्या मिक्सरमध्ये दोन-तीन सेकंदांचे झटके देऊन फिरवता येतात. मैद्यासारखी बारीक करू नये. कण जितका बारीक तितका पृष्ठभाग अधिक आणि ओलावा शोषण्याचा वेग अधिक. हे काम पावसाच्या दिवशी उघड्या खिडकीशेजारी केल्यास श्रम वाया जातात. वातानुकूलित खोलीत करून पावडर तेथेच लहान बाटल्यांत बंद करावी.

सिलिका जेलची पुडी टाकून ढेप आपोआप मोकळी होत नाही. ओलावा उतरतो, पण कणांमधील पूल उलट अधिक टणक होतात. जेल आधी ठेवायचे असते. ओव्हन, मायक्रोवेव्ह व ऊन यांची गतही तशीच. उष्णतेने काच आणखी सैल पडते, उरलासुरला सुवास जातो आणि थंड झाल्यावर पूर्वीपेक्षा घट्ट ढेप हाती येते. समुद्रकाठच्या दमट उन्हात तर पावडर सुकण्याऐवजी ओलावा घेते.

तांदळाची पुरचुंडी

मीठदाणीत तांदळाचे दाणे टाकण्याची रीत जुनी आहे आणि तिच्यावरून कॉफीच्या बाटलीत तांदळाची पुरचुंडी ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. साठवणुकीचे शास्त्र जाणणाऱ्या वाचकाने येथे क्षणभर थांबून हिशेब करावा. घरातील तांदळात साधारण १२ ते १४ टक्के ओलावा असतो. अशा तांदळाभोवती बंद डब्यात जी हवा राहते तिची सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या आसपास स्थिरावते. मीठ ७५ टक्क्यांपुढील आर्द्रतेतच पाझरते, म्हणून मीठदाणीत तांदळाचा थोडाफार उपयोग होतो. कॉफी ४० टक्क्यांपुढेच ढेप धरू लागते. म्हणजे बाटलीतील तांदूळ कॉफीचा ओलावा शोषत नाही. तोच कॉफीला पाणी पुरवतो. तांदूळ खरपूस भाजून गरम असतानाच बंद केला तर काही काळ काम देतो, परंतु सिलिका जेलच्या तुलनेत ते अगदीच थोडे.

ओलावा येतो कोठून

तीस अंश तापमान व ८० टक्के आर्द्रता असलेल्या एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम बाष्प असते. बाटलीतील २०० मिलिलिटर रिकाम्या जागेत एकदा उघडण्याने जास्तीत जास्त ५ मिलिग्रॅम पाणी येते. पन्नास ग्रॅम कॉफीचा ओलावा ३ वरून ७ टक्क्यांवर जाण्यास सुमारे २ ग्रॅम पाणी लागते, म्हणजे बाटली किमान ४०० वेळा उघडावी लागेल. तळाशी १० ग्रॅम उरली असताना हाच आकडा ८०-९० वर येतो. शेवटचा भागच अधिक लवकर कडक का होतो याचे हे एक कारण.

या हिशेबावरून दिसते की झटपट उघडून बंद करणे फारसे दोषी नाही. पाण्याच्या एका थेंबाचे वजन सुमारे ५० मिलिग्रॅम, म्हणजे दहा वेळा बाटली उघडण्याइतके, आणि ओला चमचा असे दोन-तीन थेंब एका जागी सोडतो. वाफाळत्या कपावर बाटली धरून चमचा भरणे त्याहून वाईट. ६० अंशांच्या बाष्पसंपृक्त हवेत खोलीतील हवेच्या पाचपट पाणी असते. सर्वांत मोठा चोर मात्र झाकणच. काठावर फाटलेला कागदी पडदा राहिला किंवा आट्यांत पावडर अडकली तर झाकण लागल्यासारखे वाटते आणि हवा अहोरात्र खेळत राहते. बाटली प्रथम उघडताना पडदा काठापासून संपूर्ण काढावा आणि आटे कोरड्या फडक्याने पुसावेत.

फ्रीजमध्ये बाटली ठेवण्याबद्दल मतभेद आहेत. चेन्नईपुरते तरी उत्तर स्पष्ट आहे. वर सांगितलेल्या हवेचा दवबिंदू सुमारे २६ अंश येतो. त्या हवेत ५ अंशांची थंड बाटली उघडली की पावडरीवर दव पडणारच. दीर्घकाळ न उघडायची सीलबंद बाटली थंड जागी ठेवण्यास हरकत नाही. रोजच्या वापराची बाटली बाहेरच, शेगडीपासून दूर ठेवावी.

पाऊच स्वस्त पडतो म्हणून आणून स्टीलच्या डब्यात ओतण्याची पद्धत दमट हवेत तोट्याची ठरते. पाऊचच्या आवरणातील ॲल्युमिनियमचा पातळ थर बाष्प अडवतो, तर रबरी चकती नसलेला डबा अडवत नाही. महिन्याभरात संपेल एवढीच लहान काचेची बाटली भरून बाकीचा पाऊच घडी करून चिमट्याने बंद ठेवावा. सोबत खाद्यपदार्थांसाठी बनवलेल्या सिलिका जेलची ५ ग्रॅमची पुडी असावी. बाटलीतील हवेच्या आर्द्रतेला ती स्वतःच्या वजनाच्या साधारण पंचमांश, म्हणजे १ ग्रॅम पाणी धरते. प्रयोगशाळेतील निळ्या रंगाच्या जेलमध्ये कोबाल्टचे संयुग असते. ते अन्नाजवळ आणू नये.

पावडर बनवणाऱ्या गटांसाठी

नेस्ले कंपनीने १९३८ मध्ये नेसकॅफे बाजारात आणली, तेव्हा सुवास टिकावा म्हणून तीत कॉफीच्या अर्काइतकीच कर्बोदके मिसळलेली होती. फळांच्या पावडरीत माल्टोडेक्स्ट्रिन मिसळण्यामागचा विचार याच कुळातला आहे. कोरड्या फळशर्करेची काच सुमारे ५ अंशांवरच सैल पडते, द्राक्षशर्करेची ३१, तर साखरेची सुमारे ६२ अंशांवर; माल्टोडेक्स्ट्रिनची मात्र १०० अंशांच्याही पुढे. जांभळात व पिकलेल्या आंब्यात पहिल्या दोन शर्करा मुबलक असल्याने त्यांची निव्वळ पावडर खोलीच्या तापमानालाच चिकटते, मग वाळवणी कितीही उत्तम असो. आधारद्रव्याविना अशी पावडर विकू पाहणाऱ्या गटास कार्यकर्त्याने सुरुवातीसच ही मर्यादा सांगावी, आणि आधारद्रव्य मिसळल्यास ते वेष्टनावर लिहिणे बंधनकारक आहे हेही. पावसाळ्यात भरणीचे काम आर्द्रता काढणारे यंत्र असलेल्या बंद खोलीत करावे. असे यंत्र परवडत नसेल तर वर्षाची भरणी एप्रिल-मेमध्ये कोरड्या दुपारी उरकून ॲल्युमिनियम थराच्या लहान पाकिटांत माल ठेवावा आणि पावसाळ्यात पाकीट फोडून पुन्हा भरण्याचे टाळावे.